लहान संगणकाची मोठी परीक्षा

धानाचे चुकारे हाती आले की गोंदिया जिल्ह्यातल्या घराघरांत खरेदीचे बेत सुरू होतात. पूर्वी त्यात सायकल असायची, मग टीव्ही आला, मोटारसायकल आली. आता बऱ्याच घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. मुलगी सालेकशाहून कॉलेजसाठी गोंदियाला ये-जा करते, मुलगा देवरीला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्यांना पिशवीत मावेल असा, हलका आणि परवडणारा लॅपटॉप हवा असतो. पंधरा-सोळा हजारांत तो मिळतोही. पण स्वस्त आणि लहान यंत्र रोजच्या कामाला पुरते का? हा प्रश्न आजचा नाही. चाळीसहून अधिक वर्षे जग तो सोडवत आले आहे, आणि त्यातला एक धडा आपल्याच महाराष्ट्रातल्या एका वाडीवर गिरवला गेला आहे.

सुरुवात १९८१ सालची. ‘ऑस्बर्न-१’ नावाचा अमेरिकी संगणक तेव्हा बाजारात आला. वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा, आणि आत बॅटरी नाही. मूठ धरून उचलता येतो म्हणून त्याला फिरता संगणक म्हणायचे. दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ आला. त्याच्या पडद्यावर आठच ओळी दिसत. पण वजन दीड किलोच्या आत, आणि चार साध्या पेन्सिल सेलवर तो वीसेक तास चाले. गावोगाव फिरणाऱ्या बातमीदारांनी तो डोक्यावर घेतला. त्यांना मोठा पडदा नको होता. जिथे वीज नाही तिथे चार परिच्छेद लिहून टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत पाठवता यावेत, एवढेच हवे होते. ज्याचे काम ठरलेले असते त्याला यंत्र निवडणे सोपे जाते, हे तेव्हाच दिसले.

पुढे २००५ साली अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ ही कल्पना मांडली. किंमत फक्त शंभर डॉलर! त्या वर्षी ट्युनिस येथे दाखवलेल्या नमुन्याला वीज तयार करण्यासाठी हाताने फिरवायची पिवळी मूठ होती. विकल्या गेलेल्या यंत्रात मात्र ती मूठ आली नाही, आणि किंमतही शंभर डॉलरवर थांबली नाही. ती १८० डॉलरांच्या पुढे गेली. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, असे सरकारचे म्हणणे होते.

तरीही २००७ साली हे हिरवे-पांढरे संगणक आपल्याकडे आले. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट नावाची वाडी आहे. तिथल्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत बावीसेक मुलांच्या हाती ते देण्यात आले. भारतातला हा या योजनेचा पहिला प्रयोग. यंत्राचा पडदा साडेसात इंचांचा आणि वजन सुमारे दीड किलो. दिवा विझवला तरी भर उन्हात त्यावरची अक्षरे वाचता येत. कळफलक रबराचा, त्यामुळे धूळ-पाणी आत शिरत नसे. आत फिरणारी चकती नव्हती, म्हणून आपटले तरी बिघडण्याचा धोका कमी. या यंत्रासाठी देवनागरी कळफलकही आखला गेला होता. ऊन, धूळ, अपुरी वीज आणि मुलांची लिपी हे सारे आधी ध्यानात घेऊन केलेले स्वस्त यंत्र त्यापूर्वी क्वचितच झाले असेल.

मात्र यंत्र चांगले म्हणजे शिक्षण चांगले, असे झाले नाही. पेरू देशाने असे आठ लाखांहून अधिक संगणक वाटले. तिथल्या ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे सव्वा वर्षानंतरही गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती वाढल्याचे त्यात आढळले नाही. संगणक पोचले होते, पण त्यांवर नेमके काय करायचे ते शिक्षकांपर्यंत पोचले नव्हते.

स्वस्ताईची ही कल्पना बाजाराने मात्र उचलली. ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या असुस कंपनीचा ‘ई पीसी’ आला. सात इंची पडदा, एक किलोपेक्षा कमी वजन, साठवणूक फक्त ४ जीबी. अशा यंत्रांना ‘नेटबुक’ म्हणू लागले. दोन वर्षे ती धडाक्यात खपली. मग लोकांना आखूड कळांवर लिहिताना त्रास होऊ लागला, कामाचा वेग रडतखडत वाटू लागला. २०१० मध्ये टॅबलेट आले, पाठोपाठ मोठे फोन आले, आणि २०१३ पर्यंत नेटबुक संपले. आपल्या सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ टॅबलेट जाहीर केला. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता. पण पडदा बोट दाबल्याशिवाय दाद देईना आणि बॅटरी तीनेक तासांत संपे. पुढे पवईच्या आयआयटीने त्याची सुधारित आवृत्ती पुढे नेली, तरी योजना काही वर्षांतच मागे पडली. किंमत आधी ठरवली आणि काम नंतर शोधले, की असे होते.

आता पुन्हा गोंदियात येऊ. २०२३ साली आलेल्या ‘जिओबुक’ची जाहीर किंमत १६,४९९ रुपये होती, वजन ९९० ग्रॅम, पडदा ११.६ इंच. असे कोणतेही यंत्र घेताना या इतिहासातून चार प्रश्न विचारावेत.

पहिला विजेचा. वीस वर्षांपूर्वीचे भारनियमन आठवते ना? आज तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे, तरी वादळात झाड कोसळून तार तुटली की रात्र अंधारातच जाते. म्हणून ‘इतके तास चालेल’ या जाहिरातीवर जाऊ नका. बॅटरीवरचा वॅट-अवरचा आकडा पाहा. ३५ वॅट-अवरची बॅटरी आणि ७ वॅटचा खर्च, म्हणजे पाच तास. फोनच्या टाइप-सी चार्जरसारख्या तारेने चार्जिंग होत असेल तर आणखी बरे.

दुसरा पडद्याचा. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच पडदे झळकतात. यंत्र दाराबाहेर उजेडात नेऊन वाचून बघा.

तिसरा कळफलकाचा. लिपिकाच्या नोकरीला मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची गती मागतात. बहुतेक लॅपटॉपच्या कळांवर मराठी अक्षरे नसतात आणि लहान यंत्राच्या कळा आखूड असू शकतात. म्हणून दुकानातच मराठीत एक पानभर टाइप करून पाहावे. बोटे अवघडली, तर सराव होणार नाही.

चौथा आयुष्याचा. स्वस्त यंत्रात मेमरी बहुधा पक्की जोडलेली असते; पुढे वाढवता येत नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवणूक लागते, म्हणजे तेवढेच असलेले यंत्र पहिल्या दिवसापासून भरल्या पोटी धावते. जिओबुकसारख्या यंत्रांवर विंडोजचे नेहमीचे प्रोग्राम चालत नाहीत, हेही आधी समजून घ्यावे. जुना लॅपटॉप घेणार असाल तर ध्यानात ठेवा, की विंडोज १० ला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. आणि बिघडल्यास दुरुस्ती गोंदियात होते की नागपूरला पाठवावे लागते, हे पैसे मोजण्याआधीच विचारा.

दुकानात जाण्यापूर्वी मुलीला जवळ बसवून विचारा, रोज नेमके काय करणार? नोट्स, अर्ज, मराठी टायपिंग, व्याख्याने ऐकणे एवढेच असेल तर लहान यंत्र सुखेनैव चालेल. अभियांत्रिकीची चित्रे किंवा व्हिडिओचे काम असेल तर त्या पैशांत थोडे मोठे, जड, पण जुने चांगले यंत्र परवडेल. खैराटच्या मुलांसाठी हा विचार दूरच्या तज्ज्ञांनी केला होता. आपल्या मुलीसाठी तो आपल्यालाच करायचा आहे, आणि तिला विचारून करायचा आहे.

(नभोवाणीवरून केलेल्या भाषणाचा संपादित अंश)