अप्रकाशित ध्वनिमुद्रणे : एक ऐतिहासिक साधन
(‘कॅलिडोस्कोप’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या निमित्ताने)

दप्तरात सापडलेला खर्डा आणि प्रत्यक्ष रवाना झालेले पत्र ही दोन भिन्न साधने होत, हे इतिहासाच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको. लेखकाच्या मनात काय होते ते खर्ड्यावरून कळते. पत्र कोणाच्या हाती पडले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे मात्र त्यावरून कळत नाही. ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासात हा विवेक अद्याप पुरेशा काटेकोरपणे पाळला जात नाही. एकोणीसशे साठनंतरच्या दशकातील इंग्लंडमधील ज्या वाद्यवृंदांना त्या काळी यश लाभले नाही, त्यांची अप्रकाशित मुद्रणे पुढे उजेडात आली आणि त्यांच्या आधारे त्या दशकाचा इतिहास नव्याने लिहिला जाऊ लागला. या साधनांचे मोल कसे ठरवावे, याचा विचार एका उदाहरणाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

लंडनमधील पीटर डॉल्ट्री व एडी प्युमर हे दोघे १९६४ पासून एकत्र काम करीत होते. त्यांचा वृंद प्रथम ‘साइडकिक्स’ व नंतर ‘की’ या नावाने ओळखला जाई. १९६७ साली फाँटाना कंपनीशी करार झाला आणि वृंदाने ‘कॅलिडोस्कोप’ हे नाव धारण केले. त्या वर्षी ‘टँजरीन ड्रीम’ व १९६९ साली ‘फेन्टली ब्लोइंग’ अशा त्यांच्या दोन दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाल्या. परीकथांचे वातावरण, स्वप्नसदृश शब्दचित्रे आणि ध्वनीचे नवे प्रयोग ही सायकेडेलिक संगीताची लक्षणे त्यांत स्पष्ट दिसतात. नभोवाणीवर त्यांची गीते वाजत असत. परंतु विक्रीच्या यादीत त्यांपैकी एकासही स्थान मिळाले नाही. पुढे ‘फेअरफील्ड पार्लर’ असे नामांतर करून त्यांनी १९७० साली आणखी एक दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यापाठोपाठ ‘व्हाइट फेस्ड लेडी’ ही मोठी कथात्मक रचना मुद्रित झाली. पण तिला प्रकाशक मिळाला नाही आणि वृंद विसर्जित झाला.

या वृंदाची अप्रकाशित सामग्री एकजिनसी नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १९६४ ते १९६७ या काळातील नमुना-मुद्रणे (त्या धंद्यातील शब्द ‘डेमो’) २००३ साली संग्रहरूपाने निघाली, बी.बी.सी.साठी केलेली मुद्रणे हा दुसरा वर्ग. आणि पूर्ण होऊनही पडून राहिलेली ‘व्हाइट फेस्ड लेडी’ हा तिसरा. या तिन्हींना ‘हरवलेला ठेवा’ असे एकच नाव देणे सोयीचे असले तरी शास्त्रशुद्ध नव्हे.

नमुना-मुद्रण म्हणजे कलावंताच्या अंतःकरणाचे निर्भेळ प्रकटीकरण, अशी एक समजूत रूढ आहे. ती तपासून घ्यावयास हवी. नमुना हा बहुधा कोणाला तरी ऐकविण्यासाठी केलेला असे. बीटल्स यांच्या ‘ॲपल’ संस्थेच्या गीतप्रकाशन विभागाशी संबंधित अशी काही मुद्रणे २००३ साली ‘९४ बेकर स्ट्रीट’ या संग्रहात प्रसिद्ध झाली. गीत कंपनीच्या किंवा अन्य गायकाच्या पसंतीस उतरावे, हाच अशा मुद्रणांमागील हेतू असे. अर्थात नमुन्यातील साधेपणा हा कित्येकदा कलादृष्टीचा नसून काटकसरीचा असतो.

या साधनाचे भौतिक रूपही बोलके आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा लेप देऊन त्यावर एकेक तबकडी स्वतंत्रपणे कोरली जाई. हा लेप मऊ असल्यामुळे प्रत्येक वादनाबरोबर खाचा झिजतात. म्हणून जी तबकडी अनेकांना ऐकविली गेली ती आज खरखरते, आणि जी सुस्थितीत आहे ती फारशी कोणी ऐकली नसण्याचा संभव अधिक. खरखर हाही अशा रीतीने पुरावाच होय. आजचे संपादक यंत्राच्या साहाय्याने ती पुसून टाकतात. श्रोत्याची त्याने सोय होते. परंतु मूळ प्रतीचे वर्णन जोडले नसेल तर संशोधकाचे नुकसानच होते.

यापुढील प्रश्न वर्गीकरणाचा. १९८४ पासून ‘बॅम करूसो’ या संस्थेने ‘रबल’ नावाची संकलनमाला काढून अशा विस्मृत वृंदांकडे लक्ष वेधले. या मालेशी निगडित असलेल्या फिल स्मी यांनी ‘फ्रीकबीट’ हा शब्द रूढ केला. १९६६ साली असे संगीत वाजविणाऱ्यांना हे नाव ठाऊक नव्हते. संग्राहकांनी मागाहून केलेली ही विभागणी उपयुक्त आहे; पण ती त्या काळावर लादून ‘अमुक वृंद फ्रीकबीट सोडून सायकेडेलिककडे वळला’ असे लिहिणे हा कालविपर्यासच ठरेल.

‘व्हाइट फेस्ड लेडी’च्या बाबतीत हा मुद्दा अधिकच ठळक होतो. ती १९७० व १९७१ या वर्षांत मुद्रित झाली, तेव्हा वृंदाचे नाव ‘फेअरफील्ड पार्लर’ होते. १९९१ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली ती मात्र ‘कॅलिडोस्कोप’ या नावाने. म्हणजे दस्तऐवज एका काळचा आणि त्यावरील शिरोलेख दुसऱ्या काळचा. रचनेच्या कल्पनेकडे पाहता तिचे नाते ‘प्रीटी थिंग्ज’ यांच्या ‘एस. एफ. सॉरो’ (१९६८) व ‘द हू’ यांच्या ‘टॉमी’ (१९६९) या कथात्मक रचनांशी जोडता येईल. परंतु प्रभावाच्या परंपरेत तिला १९७१ च्या जागी बसविता येणार नाही. जी रचना लोकांसमोर आलीच नाही, तिने त्या काळी श्रोत्यांची अभिरुची घडविली असे कसे म्हणता येईल? श्रोत्यांच्या इतिहासात तिचे वर्ष १९९१ हेच होय.

मग या मुद्रणांचे मोल ते काय? आमच्या मते ते दुहेरी आहे. केवळ खपलेल्या तबकड्यांवरून लिहिलेला इतिहास हा बाजाराच्या निवडीचा इतिहास असतो. त्या काळी काय काय घडविले जात होते, हे त्यातून समजत नाही. नाकारलेली सामग्री ही उणीव भरून काढते. दुसरे असे की, नवे नाव धारण करण्यापूर्वीची तीन वर्षे या नमुन्यांमुळे कानांनी पडताळून पाहता येतात. १९६७ साली हा वृंद एकाएकी अवतरला नाही, हे त्यावरून निश्चित होते.

मात्र उपेक्षा हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हेही तितकेच खरे. विस्मृतीतून वर आलेली प्रत्येक तबकडी रत्नच असली पाहिजे, हा आग्रह पूर्वीच्या अनास्थेइतकाच इतिहासाला घातक आहे. उपेक्षितांना न्याय द्यावयाचा तर त्यांच्या खर्ड्याला खर्डा म्हणावे, पूर्ण कृतीला पूर्ण कृती म्हणावे आणि मग दोन्हींची परीक्षा करावी. त्या कलावंतांनी जे अपुरे म्हणून बाजूस ठेवले असेल, तेच त्यांचे सर्वस्व म्हणून पुढे मांडणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय ठरेल.