मक्तेदारी आणि महाजालाचे दार

'मक्ता' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला. सरकारात ठरावीक रक्कम भरावयाची आणि त्या बदली एखाद्या जिनसेच्या विक्रीचा किंवा वसुलीचा हक्क एकट्याने उपभोगावयाचा, तो मक्ता. गोव्यात याच अर्थाचा आणखी एक शब्द पोर्तुगीज अमदानीत रुळला. माडाची सूर काढणाऱ्यास आपण रेंदेर म्हणतो. परंतु ज्या पोर्तुगीज शब्दावरून तो आला, त्याचा मूळ अर्थ मक्तेदार असाच आहे. मक्तेदाराचे नाव माडावर चढणाऱ्या श्रमिकास चिकटावे, हा भाषेचा मोठा विनोद म्हणावा लागेल.

मक्त्याने काय होते, याचा अनुभव गोव्याने मिठाच्या बाबतीत घेतलेला आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात एक तह झाला आणि १८८० च्या जानेवारीपासून तो अमलात आला. मुरगावचे बंदर आणि तेथून निघणारी आगगाडी ही त्याच तहाची देणगी. तथापि त्याच तहाने गोव्यातील मिठाच्या उत्पादनावरील ताबा हिंदुस्थानच्या ब्रिटिश सरकारकडे गेला व पोर्तुगीज सरकारला त्याची भरपाई म्हणून वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. भरपाई सरकारला मिळाली. मिठागरे मात्र आगरवाल्यांची बंद पडली. ज्या सत्तरी महालात समुद्र नाही आणि मिठागरही नाही, तेथील माणसाला बाहेरून येणाऱ्या मिठावाचून गत्यंतर नव्हते. बारा वर्षांनी, १८९२ मध्ये, तहाची मुदत संपली.

मिठागरावरून एकदम संगणकाकडे वळण्याचे कारण असे की, मक्त्याची रीत तीच राहिली आहे, फक्त जिन्नस बदलला आहे. महाजालावरचा मजकूर आपल्या पडद्यावर आणून दाखविणाऱ्या आज्ञावलीला ब्राउझर म्हणतात. हे महाजालाचे दार होय. दार ज्याच्या हाती, त्याला आत काय आहे याची मालकी मिळत नाही. परंतु आत कोणी, कसे व कोणत्या वाटेने जावे, हे तो पुष्कळ अंशी ठरवू शकतो.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन, एरिक बिना व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मोझॅक' सिद्ध केला आणि १९९४ च्या अखेरीस अँड्रीसन यांच्या नव्या कंपनीचा 'नेटस्केप नॅव्हिगेटर' बाजारात आला. थोड्याच काळात बहुतेक जग त्या दारातून आत-बाहेर करू लागले. मायक्रोसॉफ्ट कंपनीला यातला धोका उमगला. लोक ब्राउझरमध्येच सारी कामे करू लागले, तर खाली विंडोज आहे की दुसरे काही, याची पर्वा कोण करणार? १९९५ मध्ये तिने 'इंटरनेट एक्स्प्लोरर' काढला व तो फुकट दिला. फुकट देणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु पुढे तो विंडोजबरोबर जखडून देण्यात आला, आणि संगणक बनविणाऱ्यांनी तो काढून टाकू नये असे करार झाले. येथे प्रश्न वस्तूच्या गुणाचा उरला नाही, बळाचा झाला.

१८ मे १९९८ रोजी अमेरिकेच्या सरकारने खटला भरला. कायदा होता १८९० चा, शर्मन कायदा, जो तेल आणि रेल्वे यांच्या मक्तेदारीच्या काळात जन्मला होता. न्यायाधीश जॅक्सन यांनी २००० च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. पुढील वर्षी वरिष्ठ न्यायालयाने मक्तेदारी टिकविण्यासाठी बेकायदा मार्ग वापरल्याचा निष्कर्ष कायम ठेवला, विभागणी मात्र रद्द केली, आणि अखेर तडजोड झाली. तोपर्यंत नेटस्केप दुसऱ्या कंपनीला विकली गेली होती. न्याय आला तेव्हा फिर्यादीचा विषय जवळजवळ मृतावस्थेत होता.

याची झळ मराठी वाचकालाही लागली आहे, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःचे वेगळे फाँट वापरीत. वाचकाने फाँट आपल्या संगणकात उतरवून घेण्याचा खटाटोप करू नये म्हणून 'डायनॅमिक फाँट' नावाची युक्ती निघाली. मजकुराबरोबर अक्षरेही आपोआप येत. परंतु मायक्रोसॉफ्टची युक्ती तिच्याच ब्राउझरमध्ये चाले आणि नेटस्केपची वेगळी होती. दुसऱ्या दाराने आलेल्या वाचकाला देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कचरा दिसे. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली लिपी, आणि थॉमस स्टीफन्स या परदेशी पाद्र्याने चार शतकांपूर्वी जिच्यात 'ख्रिस्तपुराण' रचले ती मराठी भाषा, एका कंपनीच्या दारावर अशी अडून बसली. सरकारी संकेतस्थळांवरही 'इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच पाहावे' अशी सूचना असे. म्हणजे नागरिकाने सरकारकडे जावयाचे ते एका परकीय व्यापाऱ्याच्या ओसरीवरून! मला हे त्या काळीही अपमानास्पद वाटे.

प्रतिस्पर्धी उरला नाही की कारागीरही सुस्तावतो. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी २००६ मध्ये. मध्यंतरी, नेटस्केपने १९९८ मध्ये जगाला खुल्या केलेल्या आज्ञावलीतून 'फायरफॉक्स' उभा राहिला व २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कोठे त्या सुस्तीला धक्का बसला. युरोपने निराळा उपाय योजिला. २०१० पासून विंडोज वापरणाऱ्यांसमोर अनेक ब्राउझरांची यादी ठेवण्याचे बंधन मायक्रोसॉफ्टने पत्करले. ते मध्यंतरी पाळले गेले नाही म्हणून २०१३ मध्ये तिला ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला.

याच सुमारास दार नव्या हाती जात होते. गूगलने २००८ मध्ये 'क्रोम' आणला. तो चपळ होता, आणि लोकांनी तो प्रथम आपखुशीने घेतला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पुढे अँड्रॉइड फोनमध्ये तो आधीच बसवून येऊ लागला. आमच्या वाळपईसारख्या गावात पुष्कळांनी संगणक कधी घेतलाच नाही. महाजालाशी त्यांची पहिली भेट फोनवरच झाली. त्यांच्यापुढे निवड आली आणि त्यांनी क्रोम निवडला, असे कधी घडले नाही. फोन उघडला, चिन्ह समोर होते, बोट टेकले.

भारतात मक्तेदारीविरुद्धचा पहिला सर्वंकष कायदा १९६९ चा. त्याची नजर मुख्यतः उद्योगघराण्यांच्या आकारावर होती. त्याची जागा घेणाऱ्या २००२ च्या स्पर्धा कायद्याचे तत्त्व वेगळे आहे: मोठे असणे हा दोष नव्हे, मोठेपणाचा गैरवापर हा दोष. या कायद्याखाली अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या काही ग्राहकांनी तक्रार केली. स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड ठोठावला. आपल्या ॲप-दुकानाच्या वर्चस्वाचा उपयोग करून क्रोमचे स्थान राखले गेले, हा आयोगाच्या निष्कर्षांपैकी एक होता. जानेवारी २०२३ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अंतरिम स्थगिती नाकारली. मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम केला, आयोगाचे चार निर्देश मात्र रद्द ठरविले.

मला त्या दंडाच्या आकड्यापेक्षा फिर्याद कोणी केली, हे महत्त्वाचे वाटते. अमेरिकेत सरकार उठले, युरोपात ऑपेरा या प्रतिस्पर्धी कंपनीने तक्रार गुदरली. येथे फोन हातात धरणारा ग्राहक उठला. १८७८ च्या तहात मिठागरवाल्याला कोणी विचारले नव्हते, आणि दाद मागावयास त्याला जागाही नव्हती.

अमेरिकेतही ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेच्या क्षेत्रात गूगलला बेकायदा मक्तेदार ठरविले. क्रोम विकावयास लावा, अशी सरकारची मागणी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ती त्यांनी अमान्य केली. इंटरनेट एक्स्प्लोरर त्यापूर्वीच, जून २०२२ मध्ये, निवृत्त झाला होता. त्याला न्यायालयाने नव्हे, क्रोमने घालविले.

भारत सरकारने २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरसाठी एक स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीला त्यात पहिले, एक कोटी रुपयांचे, पारितोषिक मिळाले. तिच्या 'उला' या ब्राउझरचा पाया मात्र क्रोमियम या आज्ञावलीचा आहे, आणि क्रोमियम गूगलनेच उभारून खुली केलेली आहे.