'मेक' नसताना 'मेक' कसं तयार करतात?

सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं म्हणजे 'बिल्ड'. कोणती फाइल कम्पाइल करायची आणि बदल नसल्यामुळे कोणती सोडायची, हे 'मेक' ठरवतं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये ते लिहिलं.

'ग्नू मेक' ही त्याची ओपन सोर्स आवृत्ती. पण तोही सी भाषेतला प्रोग्रामच. तो बिल्ड करायला आधी 'मेक' हवं आणि कॉम्प्युटरवर तेच नसेल तर? कोंबडी आधी की अंडं?

यावरचा उपाय सोर्स कोडसोबतच मिळतो:

१. आधी 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट चालवा. कम्पायलर कोणता आहे, सिस्टीममध्ये काय उपलब्ध आहे, हे ती तपासते.

२. मग 'बिल्ड डॉट एसएच' ही शेल स्क्रिप्ट चालवा. काय बदललं हे न बघता ती लागणाऱ्या सगळ्या फाइल्स कम्पाइल करून जोडते.

३. तयार झालेलं 'मेक' वापरूनच त्याची चाचणी घ्या आणि ते इन्स्टॉल करा.

लक्षात ठेवा: सी कम्पायलर आणि शेल आधीपासून हवेत. शिवाय अधिकृत रिलीजचा कोड घ्या. गिटवरून थेट घेतलेल्या कोडमध्ये 'कॉन्फिगर' तयार नसते. त्यासाठी ऑटोकॉन्फ, ऑटोमेकसारखी आणखी टूल्स लागतात.