अंडे, पाय आणि जाड तळाचा बूट

गेल्या हिवाळ्यात परिचयाच्या एका शिक्षिकेचा बुटांच्या दुकानातून फोन आला. बाईंचे वय पंचेचाळीस, वजन 52 किलो. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी सकाळी धावायला सुरुवात केली होती आणि अलीकडे उजवा गुडघा कुरकुरू लागला होता. त्यांच्यापुढे दोन बूट होते. दोन्हींचे तळ चांगले दोन बोटे जाड. एकाचा तळ दाबला की अंगठा आत रुतत होता, दुसरा जरा टणक होता. किमती अशा की दोन्ही घेण्याचा प्रश्नच नव्हता.

"सर, तुम्ही पदार्थविज्ञानातले. सांगा, कोणता घेऊ?"

"मऊ घ्या," मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र मन खाऊ लागले. हे उत्तर मी कशाच्या आधारावर दिले? आधार होता तो आपण नववीच्या वर्गात शिकवतो त्या अंड्याच्या प्रयोगाचा.

तो प्रयोग आठवून पाहा. 50 ग्रॅमचे अंडे एक मीटर उंचीवरून सोडले, तर जमिनीशी पोहोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 4.4 मीटर असतो आणि संवेग 0.22 एकक. फरशीवर ते एक सहस्रांश सेकंदात थांबले असे धरले, तर त्याला सरासरी 220 न्यूटन बल सोसावे लागते. जाड स्पंजावर थांबायला वीस सहस्रांश सेकंद लागले, तर हेच बल 11 न्यूटनवर येते. संवेगातला बदल तोच, फक्त थांबण्याचा वेळ वाढला. फरशीवरचे अंडे फुटते, स्पंजावरचे वाचते. मग पायाखाली स्पंज असेल तर गुडघाही वाचेल, हे ओघानेच आले!

गंमत अशी की धावण्याच्या बुटांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास याच अनुमानाभोवती फिरला आहे.

रबराचा तळ शक्य झाला तो चार्ल्स गुडइयर यांच्या शोधामुळे. गंधकासह तापवलेले रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होत नाही, हे त्यांना 1839 मध्ये आढळले. पण रबर जड असते. त्यामुळे पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ धावण्याचे बूट पातळ तळाचेच राहिले. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी तर मॅरेथॉन अनवाणी जिंकली, 2 तास 15 मिनिटे 16 सेकंदांत. अनवाणी धावण्याचे पुरस्कर्ते हे उदाहरण हमखास देतात. चार वर्षांनी टोकियोत याच बिकिलांनी बूट घालून 2 तास 12 मिनिटे 11 सेकंदांत पुन्हा सुवर्णपदक मिळवले, हे ते सांगत नाहीत. अर्थात यावरून बूट श्रेष्ठ ठरत नाहीत. माणूस तोच असला तरी रस्ता वेगळा, हवा वेगळी आणि मधली चार वर्षांची तयारी वेगळी. एका उदाहरणातून दोन्ही बाजूंना हवे ते काढता येते, म्हणून तर प्रयोग करावे लागतात.

धावणे ही सर्वसामान्यांची गोष्ट झाली ती 1960 च्या दशकात. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन 1962 मध्ये न्यूझीलंडला गेले होते. तिथे आर्थर लिडियर्ड यांच्या प्रेरणेने मध्यमवयीन, पोट सुटलेली माणसेही रमतगमत धावताना त्यांनी पाहिली. परतल्यावर त्यांनी आपल्या देशात या प्रकाराचा प्रसार केला. लवकरच लाखो हौशी लोक डांबरी रस्त्यांवर उतरले. त्यांची वजने जास्त होती आणि पायांना सवय नव्हती. त्यांना मऊ बूट हवे होते.

त्यांची गरज भागवली रसायनशास्त्राने. 1970 च्या दशकाच्या मध्यावर बुटाच्या मधल्या थरात इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट या बहुवारिकाचा फेस वापरात आला. या फेसात सूक्ष्म, बंद बुडबुडे असतात. पाय पडला की त्यांच्या भिंती वाकतात, आतला वायू दबतो आणि पाय उचलला की सारे पूर्ववत होते. वजन रबराच्या मानाने फारच कमी. पुढे स्पर्धाच लागली. अवकाश उद्योगातून आलेले अभियंता फ्रँक रूडी यांची कल्पना घेऊन नायकी कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस वायू भरलेल्या पिशव्या तळात बसवल्या. जपानच्या ॲसिक्स कंपनीने 1986 मध्ये जेल आणले. सगळ्या जाहिरातींचा सूर मात्र एकच : आघात कमी, म्हणजे इजा कमी.

पण इजा काही नाहीशा झाल्या नाहीत. 1992 मध्ये नेदरलँड्सच्या व्हॅन मेखेलेन यांनी तोवरच्या पाहण्या एकत्र करून मांडल्या. नियमित धावणाऱ्यांपैकी वर्षभरात 37 ते 56 टक्क्यांना काही ना काही इजा होत होती. म्हणजे अंड्याच्या गणितात कुठेतरी गफलत होती.

याची प्रतिक्रिया दुसऱ्या टोकाला गेली. 2009 मध्ये ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचे मेक्सिकोतील ताराहुमारा धावपटूंवरचे पुस्तक गाजले. पुढच्याच वर्षी हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. अनवाणी धावायची सवय असलेले लोक बरेचदा टाचेऐवजी चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे सुरुवातीचा धक्का कमी होतो, असे त्यात दाखवले होते. धक्का कमी म्हणजे इजा कमी, असे मात्र त्या निबंधाने सिद्ध केलेले नव्हते. तरीही पाच बोटांचे, पातळ तळाचे बूट धडाधड खपले. आरोग्यविषयक दाव्यांवरून व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत खटला झाला. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण 2014 मध्ये 37.5 लाख डॉलरची तडजोड केली.

नेमक्या याच काळात, 2009 मध्ये, फ्रान्समधील आन्सी येथे निकोला मेर्मू आणि जाँ-ल्युक दियार यांनी उलट्या दिशेचा बूट बनवला. डोंगर उतरताना पायाला बसणारे दणके कमी व्हावेत म्हणून त्यांनी तळ चक्क फुगवून टाकला. होका या नावाचा हा बूट सुरुवातीला थट्टेचा विषय होता. काही वर्षांतच बहुतेक कंपन्या जाड तळ करू लागल्या. 2020 मध्ये तर जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या स्पर्धांसाठी तळाच्या जाडीवर 40 मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली.

आता गफलत कुठे होती ते पाहू. अंड्याला मेंदू नसतो, स्नायूही नसतात. पायाला दोन्ही आहेत. 1998 मध्ये बर्कली येथील फेरिस, लुई आणि फार्ली यांनी लोकांना कमीअधिक मऊ पृष्ठभागांवर धावायला लावले. जमीन मऊ झाली की धावणारा आपला पाय नकळत ताठर करतो आणि जमीन कडक झाली की सैल करतो, असे त्यांना आढळले. पाय ही जणू एक स्प्रिंग आहे आणि तिचा ताठरपणा आपण जमिनीनुसार बदलत असतो. बूट मऊ केला, तर त्यातला काही फायदा पाय स्वतःच काढून घेतो.

2018 मध्ये फिनलंडमध्ये कुल्माला आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ बाईंच्याच प्रश्नाचा प्रयोग केला. बारा पुरुष, दोन बूट : एक अति जाड तळाचा, एक नेहमीचा. जमिनीत बसवलेल्या पाट्यांनी बल मोजले. ताशी 10 कि.मी. वेगाला जाड बुटात आघाताचा उच्चांक 6.4 टक्के जास्त भरला आणि ताशी 14.5 कि.मी. वेगाला 10.7 टक्के. कमी नव्हे, जास्त! कारण पाय अधिक ताठर पडत होता.

हे वाचून मी बाईंना फोन करायला उठलोच होतो. पण गोष्ट इथे संपत नाही. आघात वाढला म्हणजे इजा वाढली का? ते स्वतंत्रपणे तपासायला हवे. 2020 मध्ये लक्झेंबर्गच्या मालिसू आणि सहकाऱ्यांनी 848 हौशी धावपटूंना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. एका गटाला मऊ तळाचे बूट दिले, दुसऱ्याला कडक तळाचे. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे कोणाकडे कोणते हे धावपटूंना माहीत नव्हते. सहा महिन्यांत कडक बूटवाल्यांत इजेचा धोका सुमारे दीडपट निघाला. फरक ठळक होता तो हलक्या वजनाच्या लोकांत. जड लोकांत तो खात्रीने सांगण्याइतका नव्हता. आणि पुढच्या वर्षी याच गटाने दाखवले की आघाताचा उच्चांक कडक बुटात कमी होता!

म्हणजे मऊ बुटात मोजलेला आघात जास्त, पण इजा कमी. पन्नास वर्षे ज्या एका बलावर साऱ्यांनी बोट ठेवले होते, ते मोजायला सोपे होते, इतकेच. स्नायूंवर, कंडरांवर आणि हाडांवर प्रत्यक्ष किती ताण पडतो, हे जमिनीतल्या पाटीला दिसत नाही.

त्या आठवड्यात बाई भेटल्या, तेव्हा त्यांना एवढेच सांगितले. तुमचे वजन कमी आहे, तेव्हा पुरावा थोडासा मऊ बुटाकडे झुकतो. पण तो प्रयोग नेहमीच्या जाडीच्या बुटांवर झाला होता, दोन अति जाड बुटांमध्ये निवड करताना तो जपूनच वापरायला हवा. संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, नेहमीचे मोजे घालून दोन्ही बुटांत थोडे धावून पाहा. पुढे अंगठ्याइतकी जागा राहते का, टाच सरकते का, घोटा डुगडुगतो का, ते बघा. पायाला जो सुखाचा वाटेल तो घ्या. कॅल्गरीचे बेन्नो निग यांनी 2015 मध्ये हाच निकष सुचवला आहे, पण तोही अजून गृहीतकच आहे. आणि जुना बूट टाकू नका, आलटूनपालटून वापरा. लक्झेंबर्गमधल्याच 264 धावपटूंच्या पाहणीत एकाहून अधिक बूट वापरणाऱ्यांना इजा कमी झाल्या होत्या. मात्र तिथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, एवढे लक्षात ठेवा. गुडघा दुखतच राहिला, तर बूट नव्हे, डॉक्टर बदला. म्हणजे आधी एकाला दाखवा तरी!

बाईंनी मऊ बूट घेतला. गुडघा आता बरा आहे. पण एका गुडघ्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे त्यांनीच मला सुनावले. वर एक प्रश्नही विचारला : "सर, तुमचे फोनवरचे उत्तर तेच निघाले की. मग एवढा खटाटोप कशाला?"

मी त्यांना उलट विचारले, उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असलेल्या मुलाला तुम्ही किती गुण देता? बाई हसल्या. "मी त्याला फळ्याशी बोलावते आणि पुन्हा सोडवायला लावते," त्या म्हणाल्या.