झोल्डर, दुपारी १:५२

मार्च १९८१, लाँग बीच. फेरारीच्या नव्या फॉर्म्युला वन गाडीच्या इंजिनात हवा कोंबायची कशी, याचे दोन उपाय सरावात तपासले जातात: कॉम्प्रेक्स यंत्रणा किंवा दोन टर्बोचार्जर. टर्बो ठरतात. इंजिन दीड लिटरचे, व्ही-६. ताकद भरपूर, पण पॅडल दाबल्यावर ती उशिरा येते आणि आली की एकदम येते. चासीला ती झेपत नाही. तरीही जील व्हिलेनव्ह त्याच गाडीवर त्या वर्षी मोनॅको आणि हारामा अशा दोन शर्यती जिंकतो.

१९८२. अभियंते हार्वे पोस्टलथवेट नवी चासी आणतात, पोळ्यासारख्या पोकळ घडणीच्या ॲल्युमिनियमची. १२६सी२. गाडीचे दुखणे बहुतेक निस्तरले आहे.

२५ एप्रिल, इमोला. टर्बो पेट्रोल फार पितो. दोन्ही फेरारी पुढे आहेत. पिटमधून पाटी दाखवली जाते: ‘स्लो’. व्हिलेनव्ह तिचा अर्थ लावतो, आहे तो क्रम ठेवा, आणि वेग उतरवतो. शेवटच्या फेरीत जोडीदार दिदिए पिरोनी त्याला मागे टाकून जिंकतो. पाटीवर आणखी एक शब्द असता तर? शर्यतीनंतर व्हिलेनव्ह पिरोनीशी बोलणे बंद करतो.

८ मे १९८२, शनिवार. बेल्जियममधले झोल्डर. (वेळा तिथल्या.)

दुपारी १:००. पात्रता फेरीचे शेवटचे सत्र. मुदत एक तास.

नियम असा: सत्रात प्रत्येकाला पात्रतेच्या टायरचे दोनच संच. रबर इतके मऊ की एखादी जोरदार फेरी निघते, मग पकड जाते. पण ट्रॅक सर्वांचा एकच. कुणी जीव तोडून वेळ काढतोय, कुणी रमतगमत पिटकडे परततोय, दोघेही त्याच वळणावर. व्हिलेनव्ह यावर आधीच बोलला होता: दोनच संधी असतील तर समोर गाडी दिसली म्हणून पाय उचलता येत नाही, पुढच्याने आरशात बघितले असेल, एवढीच आशा करायची. नियम तसाच राहिला.

दीडनंतर. पिरोनी १:१६.५०१. व्हिलेनव्ह १:१६.६१६. फरक ०.११५ सेकंदाचा. पोल पोझिशन दोघांच्याही हातात नाही. प्रोस्टची टर्बो रेनॉ १:१५.७०१ वर आहे. म्हणजे झगडा पहिल्या जागेसाठी नाहीच.

व्हिलेनव्ह शेवटच्या संचावर निघतो. वेळ सुधारत नाही. फेरारीचे तंत्रप्रमुख माउरो फोर्गिएरी यांच्या म्हणण्याप्रमाणे तो आता पिटकडे परतत होता. वेग मात्र उतरलेला नव्हता.

१:५२. सत्र संपायला आठ मिनिटे. पुढे योखेन मासची मार्च कंपनीची गाडी, सावकाश. मास आरशात बघतो. फेरारी दिसते. वाट देण्यासाठी तो उजवीकडे सरकतो. त्याच क्षणी व्हिलेनव्हही उजवीकडून निघण्याचे ठरवतो. फेरारीचे पुढचे डावे चाक मार्चच्या मागच्या उजव्या चाकावर चढते. वेग अंदाजे ताशी २०० ते २२५ किलोमीटर. गाडी शंभर मीटरहून अधिक हवेत जाते, नाकावर आपटते, कोलांट्या खाते. सीटला बांधलेला चालक, डोक्यावर हेल्मेट नाही, आणखी सुमारे ५० मीटरवर ट्रॅकच्या जाळीत फेकला जातो.

पहिला डॉक्टर ३५ सेकंदांत पोहोचतो. श्वास थांबलेला आहे. मान मोडलेली. चालक जॉन वॉटसन आणि डेरेक वॉर्विक त्याला जाळीतून सोडवतात.

संध्याकाळ. लूव्हेनचे रुग्णालय. कृत्रिम श्वास चालू आहे. फेरारी पिरोनीचे नाव शर्यतीतून मागे घेते.

रात्री ९:१२. डॉक्टरांशी बोलून पत्नी जोआन होकार देते. यंत्र बंद होते. वय ३२.

७ ऑगस्ट, हॉकेनहाइम. पाऊस. गुणतक्त्यात आघाडीवर असलेला पिरोनी सरावात, उडणाऱ्या पाण्यात न दिसलेल्या प्रोस्टच्या रेनॉला मागून धडकतो. फेरारी हवेत जाते. त्याचे दोन्ही पाय मोडतात. तो फॉर्म्युला वनमध्ये परत येत नाही.

त्या वर्षीचे उत्पादकांचे अजिंक्यपद १२६सी२ला मिळाले.