स्टेशन नसलेल्या रेडिओकडे

ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत ख्रिस्ती रेडिओ स्टेशन कुठे आहे, असं विचारत कुणी हिंडू लागलं तर पायपीट फुकट जाईल. तसं स्टेशन इथे नाही, कारण कायद्याने ते उभं राहूच शकत नव्हतं. १८८५च्या तार कायद्याने प्रक्षेपणाचा हक्क सरकारने आपल्या हाती ठेवला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं आणि पुढे खासगी एफएम आलं, पण धार्मिक संस्थांना परवाना नाही ही अट राहिली. तरीही मराठी ख्रिस्ती रेडिओ होता, आजही आहे आणि या पट्ट्यात तो ऐकलाही गेला. या विषयात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्याने ही अडचण आधी नीट समजून घ्यावी, कारण विषयाची सगळी गंमत तिच्यातच आहे.

मनोरे परमुलखात होते. फेबा या संस्थेने १९७० मध्ये सेशेल्समधून भारताच्या दिशेने शॉर्टवेव्ह प्रक्षेपण सुरू केलं. तिचे अँटेना किनाऱ्यालगतच्या प्रवाळखडकावर, भरतीच्या पाण्यात उभे होते. २००३ मध्ये ते केंद्र बंद झालं. ट्रान्स वर्ल्ड रेडिओने श्रीलंकेतल्या पुट्टलमहून ८८२ किलोहर्ट्झवर मीडियम वेव्ह वापरली, तर ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओचं ग्वाम बेटावरचं केंद्र १९८७ मध्ये सुरू झालं. परक्या जमिनीवरचा मनोरा हे परावलंबनच. आदिस अबाबाहून १९६३ पासून चाललेलं लुथरन पंथीयांचं ‘रेडिओ व्हॉइस ऑफ द गॉस्पेल’ १९७७ मध्ये इथिओपियाच्या लष्करी राजवटीने एका फटक्यात ताब्यात घेतलं. ज्यांना या इतिहासात फक्त श्रद्धेची किंवा फक्त परकीय पैशाची गोष्ट दिसते, त्यांनी ही घटना जरूर वाचावी.

आता रेडिओ सेटकडे वळू. मुंबई परिसरातल्या मीडियम वेव्हवर काटा ५५८ वर आणला की अस्मिता वाहिनी लागे, १०४४ वर संवादिता, ११८८ वर विविध भारती. या ओळखीच्या आवाजांच्या मधोमध ८८२ येई. दिवसा तिथे खरखरीपलीकडे फारसं काही हाती लागायचं नाही. सूर्य मावळल्यावर मीडियम वेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात, त्यामुळे लांबची केंद्रं रात्रीच लागतात. विजेच्या गाड्या आणि ट्यूबलाइटचे चोक यांची खरखर त्यात मिसळायची. ऐकणाऱ्याला ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवून तो जरा जरा फिरवत बसावं लागे. ‘श्रोता’ म्हणताना ही खटपट हिशेबात धरायला हवी. असा कार्यक्रम सहज कानावर पडत नसे, तो हुडकूनच ऐकावा लागे.

या दोन टोकांच्या मध्ये पुणं होतं. सॅलिसबरी पार्कमधल्या ॲडव्हेंटिस्टांच्या माध्यम केंद्रात मराठीसह अनेक भारतीय भाषांतले कार्यक्रम ध्वनिमुद्रित होत. ध्वनिफिती परदेशी पाठवायच्या, म्हणजे ध्वनिमुद्रण आणि प्रक्षेपण यांत बरेच दिवस जायचे. त्यामुळे या रेडिओत आजचा पाऊस, आजचा संप, आजची बातमी नव्हती. शास्त्रपाठ, गीत, प्रवचन, आरोग्याच्या चार गोष्टी असा केव्हाही चालेल असाच मजकूर लागे. अमेरिकेत जे. व्हर्नन मॅगी यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली संपूर्ण बायबलची पाच वर्षांची मालिका पुढे मराठीतही आली. शेवटी पत्ता सांगितला जाई, पत्रं येत आणि त्यांतून काहींचा टपालाने बायबल अभ्यासक्रम सुरू होई.

ही पत्रं या क्षेत्राचं मोठं साधन आहेत, आणि मोठा सापळाही. देणगीदारांना दाखवायला पत्रांची संख्या लागे, म्हणून ती मोजली गेली. पण लिहिता येणारा, पोस्टकार्डाची तसदी घेणारा आणि आपलं नाव उघड करायला न घाबरणारा श्रोता म्हणजे सगळे श्रोते नव्हेत. माझ्या मते समर्थक आणि विरोधक दोघांनीही या रेडिओची पोच फुगवून सांगितली, फक्त कारणं वेगळी.

मराठी ख्रिस्ती छापील परंपरेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अहमदनगरचा ‘ज्ञानोदय’ १८४२ चा, ‘निरोप्या’ १९०३ चा, वसईची ‘सुवार्ता’ १९५५ ची. आवाजाच्या परंपरेकडे मात्र कुणी तितक्या आस्थेने पाहिलं नाही. कृष्णराव सांगळे यांची ख्रिस्ती कीर्तनं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंगाच्या चालीवरची पदं आणि ‘उपासना संगीत’ मधून घरोघरी गायली जाणारी गीतं हे सगळं मायक्रोफोनच्या आधीपासून कानांसाठीच रचलेलं होतं. त्यामुळे रेडिओवरचं मराठी प्रवचन परदेशी साच्यातलं किती आणि कीर्तनाच्या बैठकीतलं किती, याची तपासणी ध्वनिफिती ऐकूनच करावी लागेल.

ठाण्याला तर यात आणखी एक पेच आहे. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातलं. इथल्या जुन्या ईस्ट इंडियन कुटुंबांची घरची मराठी आणि रेडिओवरची पुणेरी-नगरी वळणाची मराठी एक नव्हे. त्यात ती कुटुंबं कॅथलिक आणि हे कार्यक्रम बहुतांशी प्रॉटेस्टंट. मार्कोनीने उभारून दिलेला व्हॅटिकन रेडिओ १९३१ पासून चालू आहे. भारतासाठी त्याने हिंदी, तमिळ, मल्याळम अशा भाषा घेतल्या, त्यांत मराठी नव्हती. कल्याणला १९८८ मध्ये सिरो-मलबार धर्मप्रांत झाला तो मुख्यतः मल्याळी भाविकांसाठी. म्हणजे डोंबिवलीत एकाच जिन्यावरच्या मल्याळी कॅथलिक शेजाऱ्याला रोमहून आपल्या भाषेत ऐकण्याची सोय होती आणि मराठी कॅथलिकाला नव्हती. वसईत छापील मासिक इतकं जोमाने का वाढलं, याचा एखादा धागा इथे सापडेल का, हे कुणीतरी पाहावं.

शॉर्टवेव्हची जागा आता मोबाइलने घेतली आहे, त्यामुळे नव्या कार्यक्रमांची नोंद राहील. काळजी जुन्या फितींची वाटते. कोकणपट्टीच्या दमट हवेत चुंबकीय फितीला बुरशी धरते आणि तिचा थर सुटू लागतो. तेव्हा नव्या अभ्यासकाने ग्रंथालयात शिरण्याआधी चार ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये जाऊन कपाटांत काय पडलं आहे ते विचारावं आणि फीत पुन्हा ऐकता येण्याजोगं एखादं चालू यंत्र आधी मिळवून ठेवावं.