बस्तरची हळबी

रायपूरहून दक्षिणेस निघून, कांकेर मागे टाकून केशकालचा घाट चढला की छत्तीसगढी विरळ होते आणि ‘मोचो घर’ असे शब्द कानी पडतात. मराठी श्रोता चमकतो. हा तर आपलाच ‘चा’! ही हळबा जमातीची हळबी. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने 1905 साली तिला मराठीच्या दालनात बसविले, जरी तिच्यात ओडिया व छत्तीसगढी यांचे मिश्रण उघड होते. शिवाय मराठी ‘चा’ लिंगवचनाप्रमाणे बदलतो. हळबीचा ‘चो’ जिथल्या तिथे राहतो.

उत्तर अमेरिकेतील इरोक्वा संघात मोहॉक, सेनेका आदी राष्ट्रे होती. त्यांच्या भाषा निराळ्या खऱ्या, पण एकाच कुळातल्या. बस्तरात ती सोय नव्हती. माडिया-मुरियांच्या बोली द्राविडी कुळातल्या, भतरांची भतरी ओडियाच्या जवळची. तरी आठवड्याच्या बाजारात सौदा व्हायचा तो हळबीत. मीठ घेणाऱ्याला भाषेचे कूळ कोण विचारतो? इतक्या परक्या माणसांना परस्परांशी बोलते करणाऱ्या बोलीला मराठीची पोटबोली ठरवून आपण मोकळे व्हावे, हे न्यायाचे नव्हे. 2011 च्या जनगणनेत साडेसात लाखांहून अधिक लोकांनी तिला मातृभाषा म्हटले, आणि ती गणती मराठीत मिळविलेली नाही.